पांढरा कागद

अकरा वर्षं, प्रत्येक शॉटच्या आधी
तू तोंडासमोर एक कोरा कागद धरायचीस.
मी त्यावर लेन्स रोखायचो, बटण दाबायचो,
म्हणजे कॅमेऱ्याला कळायचं
आजच्या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं.
बाकीचे रंग मग तो आपले आपण लावून घेतो.

डलूथमधल्या जानेवारीत, उणे अठ्ठावीसला,
सरोवरावरून वारा सुटायचा, कागद फडफडायचा,
हातमोजा दातांत धरून तू म्हणायचीस,
"आटप, ऑरिन,
ओठ गोठले की मला ब म्हणता येत नाही."
बातमीत ब फार असायचे त्या काळी.
बर्फ. बंद. बुडाला. बेपत्ता.

गेलीस तेव्हा कुणी काही विचारलं नाही.
पगार सगळ्यांना ठाऊक होता. तुझ्या मुलाचा दमाही.
केकवर साखरेचा मायक्रोफोन होता,
तो तसाच राहिला फ्रीजमध्ये, मार्चपर्यंत.
तू फक्त इयरफोन नेलास,
तुझ्या कानाच्या मापाचा,
दुसऱ्या कुणाला बसलाच नसता.

रस्ते आणि पूल खातं, जनसंपर्क विभाग, तिसरा मजला.
गळ्यात फोटोचं ओळखपत्र,
गाडीला आपली ठरलेली जागा.
पहिल्या महिन्यात तुझा फोन आला:
"इथे दुपारी बाराला जेवतात रे. बसून."

मग परवा केटल क्रीकचा पूल.

पावाचा ट्रक होता, विल्हो आहो नावाचा माणूस चालवत होता,
चाळीस मिनिटं तो काचेला लाथा मारत होता म्हणे.
दोन्ही पाय मोडले, माणूस जगला.
ओढ्यातल्या बर्फावर पाव पसरले होते, प्लॅस्टिकसकट,
आणि कावळे लांब बसून विचार करत होते.
तेवढा शॉट मी जरा जास्तच लांबवला.

पत्रकार परिषद चार वाजता.
तू व्यासपीठामागे. निळा कोट. केस आता आखूड.
मी सवयीने हात वर केला,
पाच, चार, तीन बोटं,
आणि तूही सवयीने
निवेदनाचा कागद उचलून तोंडासमोर धरलास.
क्षणभरच.
मी बटण दाबलं.

आमची नवी मुलगी, टियाना, पहिल्या रांगेत.
शाईने तळहातावर प्रश्न लिहून आणते,
जसा तू आणायचीस.
"या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली होती?"

मार्लिस, तो प्रश्न तुझा होता.
नऊ वर्षांपूर्वी, त्याच कठड्यापाशी,
गंजाचा एक पोपडा नखाने काढून
तू कॅमेऱ्यापुढे धरला होतास.
ती टेप तळघरात आहे, दुसऱ्या कपाटात.
टियाना तेव्हा तिसरीत असेल.
तिला माहीत नाही. मला माहीत आहे.
पण कॅमेरा धरणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात,
हा नियम अकरा वर्षं मला फार सोयीचा पडलेला आहे.

तू म्हणालीस, "याबाबत सविस्तर माहिती घेणं सुरू आहे."
स्पष्ट. एकही अक्षर न अडखळता.
गरम खोलीत ओठ गोठत नाहीत.
आणि तू तिच्याकडे नाही,
थेट लेन्समध्ये बघितलंस,
जे कधी करायचं नाही असं
तूच शिकाऊ पोरांना बजावायचीस.
मी डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढला नाही.
दोघांनीही वेळ मारून नेली.

संध्याकाळी एडिटिंगला बसलो.
सगळं फुटेज निळसर आलेलं.
तुझा चेहरा, भिंत, झेंडा, टियानाचा तळहात,
सगळ्यावर थंडी वाजल्यासारखी एक छटा.
आधी वाटलं कॅमेरा बिघडला.

मग आठवलं, खात्याचा कागद
किंचित पिवळट असतो, साईसारखा,
महागातला.
त्यालाच मी पांढरं म्हणून बसलो होतो.

रंग दुरुस्त करायला सात मिनिटं लागतात.
सहाची बातमी जवळ आली होती.
मी तसंच सोडलं.